एकट्या हाकेला ओ

"पैसे देऊन काळोखात राहायचं?" बाबा म्हणाले. "काळोखात आम्ही फुकट राहिलेलो आहोत, बाय."

हे खेडच्या एसटी स्टँडवर, वरच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघताना. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात बाबा बोलायचे ते एवढंच, असं तिरकं. एरवी मिरजोळ्याला माझ्या घरी खुर्चीत बसून राहायचे. टीव्ही चालू, आवाज बंद. जेवायला बोलावलं की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, घाटात समोरच्या ट्रकवाल्याचा उद्धार केल्याशिवाय ज्याचा दिवस जायचा नाही, तो असा मऊ, आसट भातासारखा झालेला मला बघवेना. म्हणून मी रजा टाकली आणि त्यांना सह्याद्रीच्या उतारावर, भर रानातल्या एका हॉस्टेलवर घेऊन गेले.

गाडी संपते तिथून पुढे चढणीची पायवाट. वर पोचलो तर दगडमातीचं घर, आत एकावर एक बांबूच्या खाटा. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पाणी झऱ्यावरून पाइपने आणलेलं, स्वयंपाक चुलीवर. आठवड्यातला मधला वार असल्यामुळे आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. मालक चाळिशीचा, मुंबईची नोकरी सोडून आलेला, अगदी हळू बोलणारा. "लोक इथे शांततेसाठी येतात," तो म्हणाला. शांतता म्हणे! ती आमच्या घरी पोत्याने होती.

पण पहिला दिवस बरा गेला. बाबांनी चुलीतली लाकडं मालकाला नीट लावून दाखवली, झऱ्याच्या पाइपाला कुठे गळती आहे तेही सांगितलं. मला वाटलं, जमलं बुवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाने मोठ्या हौसेने नाचणीचा पास्ता केला. बाबांनी ताटात बघितलं. "हे काय, गांडुळं?" म्हणाले. दोन घास कसेबसे चिवडले आणि हात धुतला. मी म्हटलं, गोळी घेतलीत ना, मग पोटात काहीतरी जायला पाहिजे. बाबांना साखरेचा आजार आहे. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गळतात. एकदा घरातच बाथरूमच्या दारात असे बसले होते, डोळे उघडे पण ओळख नाही. तेव्हा डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं होतं. बाबा म्हणाले, "चहाबरोबर खाईन काहीतरी." आणि चहाच्या आधीच, पाय मोकळे करून येतो म्हणून पायात चपला सरकवून निघाले.

चहा झाला, निवला. बाबा नाहीत. मी अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत जाऊन बघितलं, झऱ्यावर जाऊन बघितलं. मालक म्हणाला, "येतील हो काका, इथेच असतील." मी म्हटलं, "त्यांनी सकाळपासून धड खाल्लेलं नाही. साखर उतरली तर ते चालू शकत नाहीत, बोलूसुद्धा शकत नाहीत. काळोख पडायच्या आत सापडले पाहिजेत." तेव्हा त्याचा चेहरा बदलला. थंडीचे दिवस, दरीत सावली केव्हाच उतरली होती. आदल्याच दिवशी त्याने आम्हाला वाटेवर गव्याचं ताजं शेण दाखवलं होतं, मोठ्या कौतुकाने. आता त्या शेणाचं नाव कोणी काढलं नाही.

मी गुळाचा खडा ओढणीच्या टोकाला बांधला आणि आम्ही निघालो. मालकाने कुठेतरी शिबिरात रानात माणूस शोधायचं शिक्षण घेतलं होतं. त्याने सांगितलं, "एका ठिकाणी उभं राहायचं, एकच हाक द्यायची, मग पूर्ण गप्प राहून ऐकायचं. हाकांवर हाका मारत सुटलं तर समोरच्याचं उत्तर आपल्यालाच ऐकू येत नाही." पटण्यासारखंच होतं. मी त्याप्रमाणे करत गेले.

मी हाक म्हणजे कुकारा घालत होते. आमच्याकडे रानात माणसाला नावाने हाक मारत नाहीत, शब्द झाडीत विरतो. नुसता "कूऽऽ" असा लांब सूर काढायचा, तो दरीच्या पलीकडे जातो. आई शेतातून असाच घालायची, तिचंच ऐकून मी शिकले. एक कुकारा, मग श्वास रोखून उभं राहायचं. पानं हलायची, एखादा पक्षी फडफडायचा, बाकी काही नाही. पुढे जायचं. पुन्हा एक. पुन्हा काही नाही. वाटेत एका ओल्या जागी त्यांच्या चपलेचा ठसा दिसला आणि पुढे वाटेला तीन फाटे. मला रडूच फुटलं. मालक म्हणाला, "ताई, तुम्ही डोंगराच्या या धारेने खाली जा, मी पलीकडच्या धारेवर जातो." आणि तो गेला.

एकटी उरल्यावर मात्र माझा धीर सुटत चालला. वाट दिसेनाशी होत होती. बाबा कुठेतरी घामाने भिजून पडलेत, डोळे उघडे, ओळख नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मेल्या त्या पास्त्याला शिव्या घातल्या, बाबांना घातल्या, रजा मंजूर करणाऱ्या साहेबालाही घातल्या. कुकारा घालायचे आणि मग ती शांतता ऐकायचे, आणि दर वेळी वाटायचं, म्हणजे आता ओ द्यायच्या पलीकडे गेले का काय?

तेवढ्यात पलीकडून हाक आली. पुरुषाचा आवाज, लांबून, एकदाच. "ताईऽऽ!" मालकच असणार. आणि मी काय केलं? तोंड घट्ट मिटून उभी राहिले. दुसऱ्या हाकेची वाट बघत.

माझं मलाच आश्चर्य वाटलं. आमच्या बाजूला कोणालाही विचारा, रानातून आणि तेही तिन्हीसांजेला एकटी हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की घेऊन जातं. आता आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवाचे टाक पऱ्यात, म्हणजे ओढ्यात सोडले, त्यांच्याबरोबर भूतखेतही गेलं. बाबा तर या बाबतीत फार कडक. आई मात्र तिच्या माहेरची ही एक सवय मरेपर्यंत पाळत होती. शेजारीण दारातून एकदा हाक मारायची तर ही आत गप्प. बाबा तिला हसायचे, "जा गो, भूत आलंय, वाटीभर साखर मागतंय." आणि मी, जिला बाबांनी हे सगळं खोटं म्हणून शिकवलं, ती मी तिथे झाडासारखी उभी होते.

आणि आम्ही तरी बाबांना काय ऐकवत होतो? एक हाक, मग सामसूम. मग भलतीकडून पुन्हा एक.

बाबा असलं मानणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. शिबिरातलं शिक्षण गेलं खड्ड्यात म्हटलं आणि एकाच जागी उभी राहून, छाती फुटेपर्यंत कुकारा घातला. लगेच दुसरा घातला. तिसऱ्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात खालून, अगदी पायाखालून म्हणावं इतक्या जवळून आवाज आला.

"ओ!"

मी बसून, घसरत, हात खरचटवत खाली गेले. पऱ्याच्या कोरड्या दगडांत बाबा बसले होते. पाय मुरगळून घोट्याशी टम्म सुजलेला, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, हात थरथरत होते. पण डोळ्यांत ओळख होती. मी गुळाचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात कोंबला. ते चघळेपर्यंत मी त्यांची मान धरून बसले, आणि मग माझा जो तोल गेला म्हणता!

"तोंडाला कुलूप लागलं होतं का? इथे वर, तुमच्या डोक्यावरूनच दोनदा गेले मी! ओरडून ओरडून घसा बसला माझा, आणि तुम्ही ऐकत बसलात?"

"ऐकत होतो," बाबा म्हणाले.

"मग?"

त्यांनी तोंडातला गूळ गिळला. मालकाच्या बॅटरीचा उजेड वर झाडीत इकडेतिकडे फिरत होता. मी त्याला ओ दिली, इथे आहोत म्हणून ओरडले.

"तुझा आवाज तिच्यासारखा आहे," बाबा म्हणाले. "कुकारा तर तिचाच. एकदा आला, मग गप्प. मग त्या अंगाने आला. परत गप्प."

"तुम्ही हे मानत नाही."

"मी नाही मानत. ती मानायची. एकट्या हाकेला ओ देऊ नका म्हणायची, आणि मी जन्मभर हसलो तिला. म्हटलं, आज तरी तिचं ऐकावं."

ते ऐकलं, तरी मी मनात हाका मोजत होते, कारण मला कळायलाच हवं होतं.

"पण आता मी दोनदाच घातला होता. तिसरा घालायचा होता अजून. मग ओ कशी दिलीत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. हाताने सदऱ्याची बाही खाली ओढली.

"म्हटलं, तीच असली तर असू दे."

मला इतका राग आला, इतका राग आला की हातातला उरलेला गूळ मी दगडावर आपटला.

"आणि मी? बाबा, मी कोण?"

वरून मालक उतरत होता, त्याच्या पायाखालचे धोंडे खळखळत खाली येत होते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. वर्षभरात त्यांनी असं सरळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला.

"उठव मला," ते म्हणाले.