धूर नसलेली बाटली

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही या विषयापाशी आलो की डोळे मिटून पुढे सरकलो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. नाशिकमध्ये कचेरीच्या भिंतीलगत गेली अठ्ठावीस वर्षे माझे टेबल आहे. पूर्वी त्यावर टंकलेखन यंत्र होते, आता संगणक आहे. वारसनोंद, नावदुरुस्ती, बांधाची तक्रार — लोक जे रडत किंवा ओरडत सांगतात, ते मी सरकारी मराठीत बसवून देतो. शिक्षण दहावी नापास. तरीही लोक मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात, आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलेले नाही. हीसुद्धा कबुलीच, परंतु लहान. मोठी पुढे आहे.

आमच्या या द्राक्षांच्या जिल्ह्यात एकदा वाइनच्या एका कारखान्यासाठी मी परवानगीचे अर्ज लिहिले होते. त्या निमित्ताने तिथे तासभर उभा राहिलो. माणसे पेला कसा फिरवतात, त्यात नाक कसे घालतात, घोट तोंडात खेळवून थुंकतात कसे, ते सगळे पाहून घेतले. एवढ्या भांडवलावर मी ओळखीच्या मंडळींत मद्याचा जाणकार झालो. कोणी विचारले की मान किंचित तिरपी करायची, ‘द्राक्ष कोणते, यावर आहे’ असे म्हणायचे. वास्तविक स्कॉच मी तोवर दोनदाच प्यालो होतो, तीही वरातीत, सोड्यात बुडवलेली. ती स्कॉच तरी होती का? कोण जाणे.

दिगंबरराव माझे जुने स्नेही. निवृत्त अव्वल कारकून, इंदिरानगरला राहतात. छातीने नाजूक माणूस — उदबत्ती पेटली तरी खोकला सुरू होतो. त्यांची एकुलती मुलगी मृणाल मला लहानपणापासून काका म्हणते. सहा वर्षांपूर्वी तिचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलगा नांदगावचा, तुषार नावाचा. परदेशी जहाजावर स्वयंपाकी. पत्रिका जुळली होती, मुलीने होकार दिला होता, फक्त सुपारी फुटायची होती. बोलण्याच्या ओघात दिगंबररावांनी त्याला गमतीने विचारले होते, ‘तिकडं चांगली स्कॉच मिळते म्हणतात, खरं का?’ मुलाने ते मनावर घेतले. पुढच्या सुट्टीत येताना स्कॉटलंडच्या एका बेटावरून, तिथल्या कारखान्यात स्वतः जाऊन, सिंगल माल्ट जातीच्या स्कॉचची एक बाटली घेऊन आला.

‘वकीलसाहेब, रविवारी दुपारी या,’ दिगंबररावांचा फोन आला. ‘तुम्ही चाखून सांगा कशी आहे ती. आमच्यात तेवढं कळणारं दुसरं कोण आहे?’

आता माझी एक पद्धत सांगतो. ती समजली नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. पंचनामा लिहायचा असला की मी मजकूर आधीच तयार ठेवतो. ‘आम्ही खालील सह्या करणार पंच प्रत्यक्ष जागेवर हजर राहून पाहणी केली असता...’ — हे वाक्य मी जागेपासून दहा किलोमीटरवर, टेबलाशी बसून छापतो. पंच नंतर जागेवर जातात आणि सही करतात. क्वचित जागा आणि कागद यांत फरक पडतो. अशा वेळी मी कागद बदलत नाही. जागेकडे पुन्हा बघा, असे पंचांना सांगतो. हसू नका. एवढ्या वर्षांत माणसाचे डोळे कागदासारखेच होऊन जातात.

शनिवारी दोन अर्जांच्या मधल्या वेळेत मी मोबाइलवर वाचले की, बेटांवरच्या स्कॉचला धुराचा वास असतो. तिथे दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवतात. एवढे वाचले आणि थांबलो. पुढे आणखी मजकूर होता, तो वाचला नाही — का नाही वाचला? — कारण मला लागणारे वाक्य मिळाले होते. मी ऐटीत पंचनामा छापला. ‘सदर मद्याचा वास घेतला असता धुराचा ठसठशीत वास आला, त्यावरून सदर मद्य बेटावरील अस्सल असल्याची खात्री पटली.’ खाली पाच पंचांच्या सह्यांसाठी जागा सोडली. मंडळी खूश होतील, हसतील, कागद जपून ठेवतील, अशी माझी कल्पना होती.

रविवारी जेवणे झाल्यावर पुढच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. दिगंबरराव, त्यांचे दोन शेजारी, निवृत्त भूमापक बाळासाहेब, आणि मी. तुषार दाराजवळच्या खुर्चीवर होता. होणाऱ्या सासऱ्यांसमोर तो पेल्याला हात लावणार नव्हता. मी खाली रुंद आणि वर निमुळता पेला मागितला. घरात सरबताचे होते, ते आले. मी पेला खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा केला, फिरवला.

‘वकीलसाहेब,’ बाळासाहेब म्हणाले, ‘प्यायचीय का कोर्टात दाखल करायचीय?’

सगळे हसले. मी हसलो नाही. नाक पेल्यात नेले.

आता जे लिहितो ते खरे आहे. रंग फिका होता, वाळलेल्या गवतावर ऊन पडावे तसा. आधी हिरव्या सफरचंदाचा वास आला, मग मधाचा. त्यामागून निफाडकडे मनुका सुकवायच्या शेडमध्ये शिरल्यावर येतो तो गोड, उबदार वास. धूर? मी पुन्हा नाक नेले. धूर नव्हता. घोट घेतला. जिभेवर प्रथम गोडी, नंतर तुपात बेसन भाजल्यासारखे काहीतरी, आणि गिळल्यावर ओठांवर अगदी बारीक मीठ. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, श्रीवर्धनला. तिथे संध्याकाळी ओठांवर जीभ फिरवली की जे लागायचे, ते हे. दोन थेंब पाणी घातले तर ती आणखी उलगडली. इतकी स्वच्छ, इतकी नीटस वस्तू माझ्या तोंडात त्याआधी कधी गेली नव्हती. मला ती फार आवडली. हे वाक्य मी सहा वर्षांत प्रथमच लिहितो आहे.

परंतु माझ्या खिशात कागद होता, आणि कागदात धूर होता. दोहोंपैकी एक खोटे ठरणार होते. चार माणसे माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘मला यातले कळत नाही’ — एवढे म्हणायला किती वेळ लागला असता?

मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, ‘बनावट आहे.’

मग मी कारणमीमांसा केली. बेटावरची असती तर धूर आला असता. धूर नाही, अर्थात बेटावरची नाही. बाटली खरी असेल, आतला माल इथलाच कुठला तरी.

तुषार उठून उभा राहिला. ‘काका, हिला धूर नसतोच,’ तो म्हणाला. ‘त्या बेटावरच्या बाकीच्यांना असतो. त्या दिवशी पाहायला आलो तेव्हा या मामांनी उदबत्ती विझवायला लावली, ते पाहिलं होतं मी. धुराचा त्रास आहे म्हणून मुद्दाम शोधून ही बिनधुराची घेतली. खोक्यावर लिहिलंय ना, बघा.’

मी खोके हातात घेतले. सोनेरी अक्षरांत बारीक इंग्रजी मजकूर होता. इंग्रजी मला अर्जातल्या रकान्यांपुरते येते — नाव, वडिलांचे नाव, पत्ता. मी सावकाश, बोट फिरवत, वाचल्यासारखे केले. ‘तसले काही नाही यात,’ म्हणालो. ‘आणि पकडल्यावर खुलासा तर सगळेच देतात.’

‘बाटलीच खोटी, तर जहाज तरी खरं का रे बाबा?’ बाळासाहेबांनी टोला हाणला. ‘का मालेगावजवळ हायवेच्या ढाब्यावर शेगडी सांभाळतोस?’

मंडळी खो खो हसली. बाळासाहेबांच्या मनात काही नव्हते, त्यांची ती सवयच आहे. पण दिगंबरराव हसले नाहीत. मुलाच्या चेहऱ्याकडे ते ज्या तऱ्हेने पाहू लागले, ते मला दिसले. तुषार मान खाली घालून त्यांना एवढेच म्हणाला, ‘मी खोटं बोलत नाही, मामा.’

मी आणखी एक सल्ला दिला. असल्या मालाने डोळे जातात, ओतून टाका. दिगंबररावांनी बाटली मोरीत उपडी केली. घरभर मधाचा आणि मनुकांचा वास सुटला. आत मृणाल दाराआड उभी होती. तिलाही तो आला असणार. निघताना मी रिकामे खोके काखेत मारले, ‘मुद्देमाल जप्त’ म्हणालो, आणि त्यावरही लोकांना हसवले.

इथपर्यंतचा माझा दोष गर्वाचा म्हणता येईल. तेवढाच असता तर मी कदाचित लिहिलेही नसते.

मंगळवारी दुपारी टेबलाशी गर्दी नव्हती. मी ते खोके पुढ्यात घेतले आणि त्यावरचा एकेक शब्द, एकेक अक्षर पाहून, मोबाइलमध्ये घातला. अर्थ मराठीत आला. त्या मातीचा धूर न देता केलेली. शनिवारी अर्धवट सोडलेला मजकूरही मग शेवटपर्यंत वाचला. बेटांवर काही कारखाने बिनधुराची करतात, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. मुलाचा शब्द न् शब्द खरा होता. आणि मी काय केले? खोके पिशवीत घातले आणि पुढच्या माणसाला म्हणालो, ‘बोला, काय लिहायचंय?’

दिगंबररावांचे घर माझ्या टेबलापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. फोन तर खिशातच होता. बुधवार गेला. गुरुवार गेला.

शुक्रवारी मृणाल माझ्या टेबलाशी आली. अर्ज लिहून घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. मी पुढे बोलावले तरी आली नाही. पाळी आल्यावर समोरच्या स्टुलावर बसली.

‘काका, बाबा म्हणतात वकीलसाहेब सांगतील तसं. तुमच्याच शब्दावर आहेत ते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही स्वतः चाखली होती ना? खरंच खोटी होती ती?’

पिशवी माझ्या पायाशी होती. त्यात खोके होते. मागे सात-आठ माणसे उभी होती, ‘वकीलसाहेब, आमचं बघा ना’ म्हणत होती.

मी म्हणालो, ‘हो.’

ती स्टुलावरून उठली. मग ‘बरं, काका’ म्हणाली आणि गेली.

सोमवारी दिगंबरराव आले आणि नांदगावला पाठवायचे पत्र मी लिहून द्यावे म्हणाले. मी लिहिले. ‘काही घरगुती कारणास्तव सदर संबंध पुढे नेणे शक्य होत नाही, याबद्दल दिलगीर आहोत.’ भाषा चांगली उतरली होती. दिगंबररावांनी माझे आभार मानले.

पुढे तुषारचे लग्न दुसरीकडे झाले. त्याचे जहाज खरे होते, हेही यथावकाश सर्वांना कळले. दिगंबरराव एकदाच म्हणाले, ‘बाटलीत तेवढं फसवलं बघा त्याला कुणीतरी.’ मी मान हलवली. मृणालने त्यानंतर आलेली सगळी स्थळे नाकारली. ती आता सिन्नरला एका कंपनीत नोकरी करते, सकाळच्या बसने जाते. रस्त्यात मी दिसलो की थांबून विचारते, ‘काका, तब्येत कशी आहे?’ खोके माझ्या कपाटावर आहे. पत्नी त्यात शिलाईचे दोरे ठेवते.

अठ्ठावीस वर्षांत मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ‘ही विनंती’ असे दोन शब्द असतात. या कागदाच्या शेवटी ते मी घालत नाही. तिने विचारले तेव्हा मला सर्व माहीत होते. धूर नव्हता, बाटली खरी होती, मुलगा खरा होता. मी ‘हो’ म्हणालो.