दोनशे सव्वीस आलं म्हणजे काम झालं

चूक माझी होती, आणि ती कळूनही मी आठ दिवस गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा माझा स्वतःवरचा राग अजून उतरलेला नाही.

पालमला एका ठेकेदाराकडे आम्ही जुन्या उर्दू जमीनपत्रकांचं स्कॅनिंग करायचो. बोटाखाली चुरा होईल असे कागद. एक ताई पानं स्कॅन करायच्या, मी संध्याकाळी त्या फायली एफटीपीने, म्हणजे फायली धाडायच्या जुन्या पद्धतीने, परभणीच्या कचेरीतल्या सर्व्हरवर पाठवायचो. तो दोन यंत्रांचा सवालजवाबच. इकडून नाव टाकायचं, तिकडून ३३१ येतं, म्हणजे पासवर्ड द्या. पासवर्ड पटला की २३०. फाइल पोचली की २२६. ते दिसलं की मूळ फाइल पुसून टाकायची, ही आमची रीत.

पण चित्र पाठवण्याआधी ‘बायनरी’ ही आज्ञा द्यावी लागते. नाही दिली तर यंत्र चित्राला मजकूर समजतं आणि त्यातले बारीक तुकडे वाटेत गाळतं. नवीन संगणक आला आणि सलग तीन दिवस मी ती आज्ञा विसरलो. तरी २२६ येतच राहिलं. सर्व्हर फक्त पोचल्याचं सांगतो, काय पोचलं ते बघत नाही.

परभणीहून बोंब आली, एकही पान उघडेना. ठेकेदार ताईंवर घसरला.

“बाई, स्कॅनिंग जमत न्हाई तर घरी बसा.”

“साहेब, एकेक पान उघडून बघितलंय मी.”

“मग काय मशीन खोटं बोलायलंय? पोचल्याचा नंबर हाय इथं.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “दादा, तुमी तरी सांगा.”

मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आधी ‘बायनरी’ टाकून एक नवं पान पाठवलं. ते लख्ख उघडलं. तेव्हाच सगळं कळलं, तरी तोंड उघडलं नाही. ताई तीच पानं परत स्कॅन करत होत्या, ठिसूळ कडा तळहातावर गोळा करत. ठेकेदाराने मशीनवर विश्वास ठेवला, बाईमाणसावर नाही. आणि मला ते सोयीचं पडलं.

आठव्या दिवशी ठेकेदार म्हणाला, “सोमवारपास्नं येऊ नका बाई.”

ताई डबा पिशवीत घालू लागल्या. मी उठलो, सगळ्यांसमोर.

“ताई, तुमची पानं नीट होती. आज्ञा द्यायला मी विसरलो, आणि कळल्यावरही तुम्हाला बोलणी खाऊ दिली. साहेब, घरी बसवायचं तर मला बसवा. ताई, मला माफ करा.”