दुर्बिणीतून दिसलेली किंकाळी

बोरी भागातली ती घटना मला आजही सुन्न करते. ज्वारीच्या काढणीत एका बाईला रानडुकराने फाडलं. शेजारच्या माळाचा मालक जीप घेऊन धावला, पण दवाखाना गाठायच्या आत ती गेली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मी चारचौघांत त्या मालकाचं कौतुकही केलं.

तिसऱ्याचा विधी उरकून मयत बाईची धाकटी जाऊ ठाण्यात आली. दोघी एकाच शेतात होत्या. हिनेच विळा मारून डुक्कर चवताळवलं, असं घरचे म्हणत होते. सासरी तिला कोणी पाणीही विचारत नव्हतं.

"आमी त्याला हात बी लावला न्हाई, सायेब," ती म्हणाली. "ते आलं तवाच त्याच्या मांडीतून रगत गळत व्हतं."

आम्ही शेतालगतचा ओढा धुंडाळला. डुक्कर मरून पडलं होतं. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच्या मांडीतून रायफलची गोळी काढली.

मालकाच्या जबाबात होतं, 'माळावर असताना किंकाळी ऐकून धावलो.' मी माळावर उभा राहिलो आणि हवालदाराला ज्वारीतून ओरडायला लावलं. तो हात हलवताना दिसला, आवाज मात्र आला नाही. मालकाला ठाण्यात बोलावलं. आधी त्याने 'त्या दिशी वारा माळाकडं व्हता' असं वाऱ्यावर ढकललं, मग मान खाली घातली.

"ऐकली न्हाई, सायेब. दिसली."

"कशातून?"

"दुर्बिणीतून."

दुर्बीण बसवलेली विनापरवाना रायफल त्याच्या कडब्याच्या गंजीत सापडली. इतक्या लांबून नेम लागला, हे त्याने न विचारता दोनदा सांगितलं. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. जखमी जनावर टाकून शिकारी हलत नाही, हा जुना रिवाज. डुक्कर गोळी खाऊन ज्वारीत घुसलं, पण हा गडी जवळ जायला भ्याला आणि ते आपोआप मरेल म्हणून माळावर बसून राहिला. दोघींना विळे घेऊन ज्वारीत शिरताना त्याने पाहिलं होतं. एवढ्या लांब हाक पोचली नसती, असं तो म्हणाला.

लांबून गोळी घालणाऱ्याला पुढचं दुःख दिसत नसावं, अशी माझी तोवर समजूत होती. त्याला सगळं दिसत होतं. बंदूक उघडी पडू नये म्हणून तो गप्प बसला. माणूस इतका थंड असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुरवणी जबाबासाठी जावेला बोलावलं, तेव्हा तिच्या सासऱ्यालाही मुद्दाम समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सासरा रडला. ती रडली नाही. दारात उभ्या केलेल्या मालकाकडे बघून तिने एवढंच विचारलं.

"जीप तर व्हती की तुमच्याकडं. मंग आदी का न्हाई आणली?"