एक खाच बाहेर

शाळेतली पोरं त्यांना नळीमास्तर म्हणायची. एकवीस वर्षं प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या, पुसायच्या, जागच्या जागी लावायच्या, हेच त्यांचं काम. हात स्थिर, नजर बारीक. त्यामुळे घरातली एखादी दुरुस्ती बाहेरच्या माणसाकडे गेली की मास्तरांना तो स्वतःचा अपमान वाटायचा.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताई नर्स. जुन्या मोटारीतून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायची. इंजिनाचा पट्टा रोज सकाळी किंचाळायला लागला, तेव्हा मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "त्यात काय आहे? अर्ध्या तासाचं काम!" नवा पट्टा आणून त्यांनी बसवला. किंचाळणं थांबलं. ताईनं कौतुक केलं, तसे मास्तर दोन दिवस घरात छाती काढून फिरले.

महिन्याभरात, एका गुरुवारी, तो पट्टा भर रस्त्यात तुटला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, इंजिन तापलं, गाडी जागीच थांबली. ताई एका म्हाताऱ्या पेशंटला वेदना थांबवायचं इंजेक्शन द्यायला निघाली होती. ती बाई तीन तास तळमळत पडली.

"नवा पट्टा तुटतो कसा रे?" घरी आल्यावर ताईनं विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बसवलेला तुटणार नाही," मास्तर म्हणाले. "गेल्या आठवड्यात उस्तादांनी तेल बदललं ना? तेव्हा पट्ट्याला हात लागला असणार त्यांचा."

बोलताना ते त्यांना अर्धंअधिक खरंही वाटलं.

उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचे गॅरेजवाले, साठी उलटलेले. दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं. मास्तर मागे उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. उस्तादांनी फडक्याला हात पुसले. "मला तर काही आठवत नाही, ताई. पण झालं असेल माझ्याकडून. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. माफ करा."

रविवारी मास्तर अंगणात पुन्हा पट्टा बसवायला बसले. जुना तुकडा हातात घेतला आणि त्यांचा हात थांबला. बाकी पट्टा धड होता, फक्त एका कडेचं रबर सोलवटून दोऱ्यासारखं लोंबत होतं. त्यांनी खाली वाकून टॉर्च मारला. पट्टा ज्या खाचांच्या चाकांवरून, पुल्यांवरून फिरतो, त्यांतल्या सगळ्यात खालच्या पुलीच्या बाहेरच्या कडेवर काळा भुगा साचला होता. पट्टा तिथे एक खाच बाहेर बसला होता, पहिल्या दिवसापासून. त्या अडचणीच्या जागी गेल्या वेळी त्यांनी नुसती बोटं फिरवली होती, बघितलं नव्हतं. तेल बदलण्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

या खेपेला त्यांनी पान्यानं ताण देणारी पुली मागे ओढून धरली, पट्टा सरकवला, खाली आरसा धरून एकेक खाच तपासली. गाडी शांतपणे चालू झाली. कोणाला कळणार आहे, असं मनाशी म्हणत ते आत गेले. तुटका पट्टा मात्र त्यांनी फेकला नाही, कपाटात ठेवून दिला.

मंगळवारी शाळेतून येताना गॅरेजसमोर एक गाडी उभी दिसली. उस्ताद तिच्या मालकाला सांगत होते, "बेल्टचं काम मी बंद केलंय. दुसरीकडे दाखवा."

मास्तर तडक घरी गेले आणि तुटका पट्टा घेऊन परत आले.

"उस्ताद, ही चूक माझी आहे. तुमचा हातही लागला नव्हता."

उस्तादांनी पट्टा उजेडात धरला, सोललेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "एक खाच बाहेर."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"रविवारी."

"आज मंगळवार आहे, मास्तर." उस्तादांनी पट्टा परत दिला. "चार दिवस मी एकेक नट तीन-तीनदा तपासतोय. घरी सांगितलं, आता गॅरेज आवरायला हवं."

मास्तरांनी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला.

ताईला त्यांनी संध्याकाळी सांगितलं. "तुझ्या शब्दावर मी त्या माणसाला चारचौघांत बोलले," ती एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी ती गॅरेजमध्ये गेली आणि गिऱ्हाइकांदेखत उस्तादांची माफी मागितली. या वेळी मास्तर मागे उभे राहिले नाहीत. पुढे होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी त्यांनी आपली चूक स्वतःच सांगितली, कान लालबुंद झाले तरी. उस्तादांनी ऐकून घेतलं, त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पट्टा वरपासून खालपर्यंत तपासला.

"बरोबर बसलाय," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

त्या आठवड्यापासून उस्तादांनी बेल्टची कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. मास्तर दिसले की ते मान हलवतात, पण पूर्वीसारखं "या, बसा" म्हणत नाहीत. मास्तर तरी शाळेतून येताना तिथे दोन मिनिटं थांबतात, काही काम नसलं तरी.