पिवळ्या कागदाची खिडकी

दिनकर मोहिते गेल्याचं आमच्या सांगलीच्या कॉलेजात कळलं, तेव्हा प्राचार्यांनी आधी विचारलं, "उद्या सुट्टी द्यावी लागेल का?" मग शोकसभेत तेच त्याला 'थोर संशोधक' म्हणाले. हयातभर त्याला 'ठिपकेवाले मोहिते' म्हणून हसणारी तोंडं दोन मिनिटं स्तब्ध उभी होती... दीड मिनिटातच एकदोघांनी घड्याळ पाहिलं.

दिनकर म्हसवडचा, माझ्याबरोबर पदार्थविज्ञान शिकवायचा. प्रयोगशाळेमागच्या खोलीत तो मोहरीहून बारीक, ठिपक्याएवढी भिंगं बनवायचा, तीही उजेड पडला की घट्ट होणाऱ्या रसायनातून. काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, वर बारीक भोकांचा पत्रा धरून निळा दिवा लावायचा. भोकाखालचं घट्ट व्हायचं, बाकीचं धुऊन जायचं. बाहेरच्या उजेडातला निळा भाग थरावर पडू नये म्हणून खिडकीला पिवळा जिलेटीन कागद. "सूर्याला लय घाई असती गड्या," म्हणायचा, "त्याला जरा थांबवायचं."

त्या रसायनाची एकच बाटली मिळाली होती, तीही दोन वर्षं पत्रं लिहून. त्यातून झालेली भिंगं दाखवली की पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळणार होतं. सगळ्या काचांवर थर देऊन झाला, आणि नेमका त्याच दिवशी प्राचार्यांनी खोलीच्या उद्घाटनाचा घाट घातला. हार, नारळ, समई आणि संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना भिंग आणि खडीसाखर यांतला फरक सांगूनही कळला नसता. फोटोत अध्यक्षांचा चेहरा पिवळा येईल, म्हणून प्राचार्य मला म्हणाले, "अहो, तो कागद काढा की." मला सगळं ठाऊक होतं. पण नोकरीत कायम होण्याची माझी फाईल त्यांच्या सहीसाठी पडून होती. "नगं रं," दिनकर म्हणाला, हातात नारळाचं ताट. मी कागद ओढला. दुपारचं ऊन टेबलभर पसरलं आणि सगळे थर आमच्यादेखत घट्ट झाले. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "फोटो झ्याक येईल." दुसऱ्या दिवशी त्याने कागद पुन्हा चिकटवला. बाटली पुन्हा मिळाली नाही. मी कायम झालो.

परवा साताऱ्याला दिनकरच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी रुमालात बांधलेली एक काच माझ्या हातावर ठेवली, त्याच दिवशीची, पार धुरकट. "भावजी, ही काच तुमची, असं हे म्हनायचे," त्या म्हणाल्या. त्याने मला माफ केलं होतं की नाही, ते कळलं नाही... माझी लायकी तेवढी कळली.

आता सोमवारी त्या खोलीत त्याची तसबीर लागणार आहे. अध्यक्षच लावणार. काल प्राचार्यांनी मला गाठलं. "तेवढा पिवळा कागद काढून ठेवा, फोटो नीट येत नाहीत." मी "हो सर" म्हणालो, सवय जात नाही. खोलीची एकच किल्ली आहे, ती माझ्याकडे असते. सोमवारी ती सापडणार नाही.