शकुवहिनीने शोधलेला कोर्स

बळीराम माझ्यासोबत इकडे हिंदी मुलखात फाउंड्रीत होता. त्याच्या तेरवीला पंगत उठायच्या आत त्याचा धाकटा भाऊ श्रीकांत कागद घेऊन त्याच्या बायकोपुढे, शकुवहिनीपुढे बसला. रडणाऱ्या बाईने सह्या केल्या. फंडाचा सगळा पैसा वीस वर्षांच्या विम्यात अडकला, कमिशन श्रीकांतला मिळालं. पोरीची फी भरायची वेळ आली तेव्हा वहिनीला हे कळलं. ती भांडली नाही. कांचघर मोहल्ल्यात घरीच शिलाई मशीन घेऊन बसली. तिचं ते न भांडणं मला बरं वाटलं नव्हतं.

तिची पोरगी ज्योती अकरावीत गेली. शाळेने एक जादा विषय ऑनलाइन घ्यायची मुभा दिली, गुण निकालात धरणार होते. वहिनी म्हणाली, "पैशाचाच विषय घे. सही कुठं करायची नाही, एवढं तरी शीक."

श्रीकांत तोवर विजय नगरात असाच एक ऑनलाइन कोर्स विकू लागला होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मशीन थांबलं की फोन घेऊन बसायची. कोर्स कोण चालवतं, परीक्षा कोण घेतं, प्रमाणपत्र शाळेला चालतं का. परीक्षा न घेता प्रमाणपत्र देणारे तिने आधी बाद केले. उत्तर आलं नाही की पुन्हा फोन. इंग्रजी पान ज्योती वाचायची, हिंदीत समजावायची. ही मेहनत मी पाहिली आहे. फाउंड्रीतही एवढी मेहनत थोडेच लोक करायचे.

शेवटी परीक्षा घेणारा एक कोर्स सापडला. प्राचार्यांनी होकार दिला. वहिनीने तिथेच विचारलं, श्रीकांतचा चालेल का? प्राचार्य म्हणाले, नाही, त्यात परीक्षाच नाही. श्रीकांतची पोरगी अवनी ज्योतीच्याच वर्गात होती आणि बापाचाच कोर्स करत होती. वहिनी घरी आली, पण श्रीकांतला तिने काही कळवलं नाही.

संक्रांतीनंतर शाळेने अवनीचा जादा विषयाचा अर्ज परत केला. दुसऱ्या कोर्सला नाव नोंदवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. श्रीकांतचा फोन आला, "वहिनी, तुमच्या कोर्सचं नाव सांगा ना."

"घरी येऊन सांगते."

त्या दिवशी त्याच्या घरी हळदीकुंकू होतं. विधवा म्हणून वहिनीला बोलावणं नव्हतं. वाण म्हणून श्रीकांतची बायको त्याच्या कोर्सच्या सवलतीची कुपनं वाटत होती. मी वहिनीला स्कूटरवर नेलं आणि फाटकाशी थांबलो. ती ओसरीवर उभी राहिली. आत गेली नाही.

श्रीकांत धावत आला. "अरे वहिनी, आज? आत बायका बसल्या आहेत."

"म्हणूनच आली. त्यांना सांग, तुझा कोर्स शाळेत चालत नाही. मग मी नाव सांगते."

"काहून तमाशा करून राहिल्या? बच्ची के साल का सवाल है!"

"माझीही बच्चीच होती. बाप जाऊन तेरा दिवस झाले होते तिचा."

दारात अवनी उभी होती. श्रीकांतने तिच्याकडे पाहिलं, मग बायकांकडे वळला. "हा कोर्स... शाळेत धरत नाहीत," म्हणाला.

एका बाईने कुपन तबकात परत ठेवलं, मग दुसरीने. वहिनीने अवनीला जवळ बोलावलं, कोर्सचं नाव सांगितलं, नोंदणी कुठे करायची तेही नीट समजावलं.

परतताना कांचघर जवळ आल्यावर मी विचारलं, "झालं समाधान, वहिनी?"

"आवाज बारीक काढला त्याने," ती म्हणाली. "मागच्या बायकांना ऐकू गेलं नसेल."