महिपतीच्या आईचा विमा

बेलवलीचा महिपती अंबरनाथच्या कारखान्यात मुकादम झाला, पगार मर्यादेच्या वर गेला आणि तो कामगार विम्यातून बाहेर पडला. याचे त्याने पेढे वाटले. "विम्याच्या दवाखान्यातलं लाल औषध आपल्याला आता चालायचं नाही," असं गल्लीभर सांगून झालं. पुढे आईच्या, भागीरथीबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. खाजगी डॉक्टरने खर्च सांगितला तेव्हा मुकादम पायरीवरच बसला.

ब्याण्णवच्या सुमारास सरकारने मर्यादा वाढवली आणि महिपती पुन्हा विम्यात आला. "सरकारला माझ्यावाचून करमेना," तो म्हणाला. मुलावर अवलंबून असलेली आईही विम्यात चालत होती. फक्त कुटुंबाचा फोटो हवा होता.

आता फोटो म्हटला की आमच्याकडे लग्नाला निघाल्यासारखं नटतात. बायकोने, कुमुदिनीने, ठेवणीतलं लुगडं काढलं. आईच्या गळ्यात शेजारच्या कौसाबाईची बोरमाळ चढली. महिपतीने कॅम्प चार या सिंधी वस्तीतल्या शिंप्याकडून कुणा गिऱ्हाइकाचा कोट तासाभरासाठी उचलला.

विम्याच्या कचेरीतल्या बाई फोटोकडे बघतच राहिल्या. "या आजी तुमच्यावर अवलंबून आहेत?"

"हो, मॅडम."

"मला तर तुम्ही यांच्याकडे कामाला आहात असं वाटतंय."

"घरी तसंच आहे," महिपती बोलून गेला आणि जीभ चावली.

बाईंनी आजींनाच घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी महिपतीने आईला वाटभर पढवलं, "मुलगाच पोसतो, एवढंच म्हण, आये."

"आजी, घर कोण चालवतं?" बाईंनी विचारलं.

"मी. ह्याला काय कळतंय?"

महिपतीने मागून आईचा पदर ओढला.

"मग शेतीवाडी, पेन्शन काही आहे?"

"काय नाय बाय. हाच आहे. जेवढा पिकतो तेवढ्यात भागवते."

"आणि ही बोरमाळ?"

"कौसाबाईची. बरी दिसते का हो फोटोत? मला दिसली नाय."

बाईंनी मान खाली घातली आणि आजींचं नाव चढवलं.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तशी भागीरथीबाई मुलाकडे टक लावून बघत राहिली.

"आये, दिसतंय ना?"

"दिसतंय. तुझी मिशी एका बाजूला मोठी आहे. इतकी वर्षं असाच हिंडतोस?"

महिपतीने तोंडाला रुमाल लावला. वॉर्डातल्या बायका हळहळल्या, पोरगा आईसाठी रडतोय म्हणाल्या. त्याने रुमाल काही काढला नाही.